तपासणीत ऐकीव नको

११ ऑगस्ट

मासोळीबाई,

नावाने लिहायला हात वळत नाही, म्हणून टिल्लू तुला ज्या नावाने हाक मारतो तेच लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. बोललेलं नंतर फिरवता येतं, लिहिलेलं फिरवता येत नाही, म्हणून मला कागदच बरा.

सरळ विचारते. माझ्या भावाला, टिल्लूला, तू काय घालत होतीस?

एप्रिलपर्यंत हा माणूस धडधाकट होता. सहा फूट उंच, दोन माणसांना उचलणार नाही असा आरसा एकटा उचलायचा, काच कापताना शीळ वाजवायचा. आणि आता? चहाचा कप आधी नाकाला लावतो, मग उजेडात धरतो, मग ओतून देतो. झोप नाही. कालचं आज आठवत नाही. काच कापायची हत्यारं त्याने गादीखाली लपवून ठेवली होती, आणि ती सापडत नाहीत म्हणून माझ्यावरच ओरडत होता. तो म्हणतो, तू स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायचीस आणि काहीतरी ढवळायचीस. सख्खा भाऊ सांगतोय, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? तो विचारतो, "ताई, ती घालायची ना काहीतरी?" मी म्हणते, "हो रे राजा, घालायची. आता मी आहे ना."

मी तुला घराबाहेर काढलं असं तू तुझ्या आईला सांगत असशील. मी काढलं नाही. मी म्हटलं, चार दिवस आईकडे राहून ये. बॅग तू स्वतः भरलीस. कुलूप बदललं ते तू गेल्यावर, आणि तेही टिल्लूने हट्ट धरला म्हणून. किल्लीवाल्याला फोन मी केला, एवढंच.

फडताळात मागे ठेवलेली ती तपकिरी बाटली मी नेली आहे. पोहून कानात पाणी गेलं की त्यात घालायचे थेंब, असं तू म्हणशील. कानाचे थेंब चहाच्या डब्यामागे कशाला ठेवायचे? आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिली आहे तपासायला. काय ते कळेलच.

मी उगाच कुणावर संशय घेत नाही, हे तुला अकरा वर्षांत कळायला हवं होतं.

ताई


१८ ऑगस्ट

मासोळीबाई,

चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, एक ओळ. "ताई, उजव्या हाताचं डॉक्टरांनी काय सांगितलं?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, नवरा कसा आहे याची चौकशीही नाही. मी विचारलेल्याचं उत्तर तर नाहीच.

तर ऐक उजव्या हाताचं. दोन तारखेला आपण तिघं हॉस्पिटलात गेलो, तेव्हा तू धाकट्या डॉक्टरबाईंपुढे तोंड उघडलंस ते मिटलंच नाहीस. हात उडतो. तोंड ओढलं जातं. दोन सेकंद. दिवसातून त्रेचाळीस वेळा. तलावावर पोरांना पोहायला शिकवताना त्यांच्या लांब्या मोजायचं ते घड्याळ तू नवऱ्यावर लावून बसली होतीस, मला तर ऐकूनच अंगावर काटा आला. कुठली बायको असं करते? माणूस आजारी असला तर त्याचं डोकं दाबावं, त्याच्या उशाशी बसावं. हिने बटण दाबलं.

आणि डॉक्टरबाईंनी तुझ्या देखत तपासलं. मीही तिथेच होते. हनुवटी छातीला लावून बघितली, मान मोकळी. डोळ्यांत टॉर्च मारली, बाहुल्या दोन्ही सारख्या, उजेडाला आकसल्या. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला तेवढाच जेवढा उडायला हवा. बोट नाकाला, नाक बोटाला. सरळ रेषेत चालून झालं. ताप नाही, पुरळ नाही. दहा मिनिटं चाललं सगळं, आणि त्या दहा मिनिटांत तुझा तो त्रेचाळीस वेळा उडणारा हात एकदाही उडाला नाही. काय म्हणायचं याला?

चोवीस वर्षं मी हेच टाइप करतेय, मला शिकवू नकोस. तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते मी काय करते. डॉक्टर पेशंट तपासतात आणि यंत्रात बोलून ठेवतात. आम्ही कानाला लावून ते टाइप करतो. मान, बाहुल्या, ताकद, चाल, हातोडी हे सगळं ठीक असलं की डॉक्टर नुसतं म्हणतात, "बाकी नेहमीचं." मग आम्ही एक कळ दाबतो आणि पूर्ण परिच्छेद आपोआप उमटतो. मान मोकळी, बाहुल्या समान, चारी हातापायांत ताकद पूर्ण, अनैच्छिक हालचाल नाही. दिवसाला साठ वेळा ती कळ दाबते मी. झोपेत म्हणून दाखवीन.

टिल्लूचा कागद स्वच्छ आहे. "अनैच्छिक हालचाल नाही" असं काळ्यावर पांढरं, म्हणजे पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे. कुणी टाइप केला ते विचारू नकोस. आमच्या विभागात चौघी आहोत, कागद कुणाच्याही टेबलावर जातो.

बाटलीचा रिपोर्ट आला. कानाचेच थेंब निघाले. ठीक आहे. दुसरं काहीतरी असेल. मी मोठ्या डॉक्टरांच्या नावाने अर्ज दिला आहे की भावाच्या रक्तात विषाची तपासणी करा. त्यांनी कागद वाचला, त्यात मेंदूचं काही नाही, म्हणून विषाची तपासणी आणि मानसोपचारवाल्यांकडे चिठ्ठी असं दोन्ही दिलं. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे.

ताई


२५ ऑगस्ट

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. पुन्हा तेच, पुन्हा उजवा हात. तुला एवढंच लिहिता येतं का?

मला भांडायला आता वेळ नाही, झालं ते सांगते. गुरुवारी सकाळी टिल्लू हटून बसला की दुकानात जायचंय. म्हटलं जाऊ दे, कामात मन रमेल. मी सोबत गेले. त्याने टेबलावर मोठी काच घेतली, पट्टी लावली, रेघ ओढायला घेतली. अर्ध्या रेघेवर हात उडाला. म्हणजे घसरला. काच गेली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, नशीब. तो तुकड्यांकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "कुणी ढकललं मला?" दुकानात आम्ही दोघंच होतो.

घसरलाच असणार हात. घामाने घसरतो.

शनिवारी दुपारी तो खुर्चीवर बसल्या बसल्या ताठ झाला. डोळे वर गेले, सगळं अंग झटके द्यायला लागलं, तोंडाला फेस. मी त्याला कुशीवर वळवलं. एवढं मला येतं, हजारदा टाइप केलंय. पण घाईत फोनवर आकडे लागेनात. तुझी आठवण झाली. कशाला खोटं बोलू? घरात कुणीतरी शांत डोक्याचं माणूस हवं होतं असं वाटलं, आणि तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं. राग आला मला माझा.

आता तो वॉर्डात आहे. रक्त तपासलं. विष नाही. पण रक्तातलं मीठ फार कमी झालंय म्हणे. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? तू पोहणाऱ्यांच्या त्या खाण्यापिण्याच्या शिस्तीपायी भाजीत मीठ कमी घालतेस, तेच नडलं. मी डॉक्टरबाईंना तसं सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच पेशंट आहे. म्हणाल्या, "भाजीतल्या मिठाने असं होत नाही हो ताई. आत काहीतरी बिघडलं की होतं."

आत म्हणजे कुठे, ते नाही सांगितलं. मला वाटतं त्यांना काहीतरी माहीत आहे आणि त्या मला सांगत नाहीत.

ताई


२९ ऑगस्ट

मासोळी,

आज मोठे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी काय केलं ते तुला नीट सांगते, कारण तुला असलं सविस्तर आवडतं.

स्टूल ओढून बसले. टिल्लूच्या अंगावरचं पांघरूण काढलं, बाह्या वर केल्या. मान बघितली, मोकळी. डोळे, गुडघे, तळपाय, सगळं बघितलं. तारीख विचारली, टिल्लू म्हणाला एप्रिल. तीन शब्द सांगितले, लिंबू, खिडकी, गाडी, आणि म्हणाले लक्षात ठेवा, मी पुन्हा विचारेन. पाच मिनिटांनी विचारलं तर टिल्लू म्हणाला, "कुठले शब्द? तुम्ही कधी सांगितलेत?" आणि लगेच माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, हा माणूस कुणी पाठवलाय?"

एरवी एवढ्यावर डॉक्टर उठतात. हे उठले नाहीत. त्याला काचेबद्दल बोलतं केलं. जाड काच कशी कापायची, आरशाचा पारा कसा जातो. टिल्लू बोलत होता आणि हे नुसते बघत होते. मला कळत होतं ते कशाची वाट बघताहेत. वीसेक मिनिटं झाली असतील. तोंडाचा उजवा कोपरा एकदम ओढला गेला, आणि त्याच क्षणी उजवा हात कोपरात वाकून वर आला. दोन सेकंद. पुन्हा सगळं जागच्या जागी. टिल्लूचं वाक्य मध्ये तुटलं होतं, ते त्याने तिथूनच पुढे चालू केलं. त्याला पत्ताच नाही.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि बसून राहिले. सात मिनिटांनी पुन्हा झालं. मग त्यांनी मला विचारलं, "घरी कुणी हे बघितलंय का?"

मी म्हटलं, "नाही हो. आजच दिसतंय."

ते म्हणाले, मेंदूला सूज आहे. जंतूंची नाही, म्हणून ताप नाही आणि मान ताठ नाही. शरीर आपल्याच मेंदूवर उलटलंय. असा तोंडाचा आणि हाताचा एकत्र झटका एकदा बघितला की डॉक्टर विसरत नाही, फक्त कुणीतरी बघायला हवा किंवा कुणीतरी सांगायला हवा. पाठीतलं पाणी काढलंय, रक्त बाहेर पाठवलंय, पण औषध आजच सुरू करतोय, वाट बघत नाही. लवकर सुरू केलं तर डोकं पुष्कळसं परत येतं. उशीर झाला तर कुणी सांगू शकत नाही.

किती उशीर म्हणजे उशीर, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आणखी एक. ते म्हणाले, झोप जाणं, चिडणं, बायकोवर संशय घेणं, हे या सुजेत येतंच. आम्ही ते तपासणीतच धरतो. मी विचारलं, आणि घरातल्या बाकीच्यांनी घेतला तर? ते म्हणाले, "त्यावर आमच्याकडे औषध नाही." हसत म्हणाले. पण मला वाटतं त्यांनी मला ओळखलंय.

तू त्याच्या चहात काही घालत नव्हतीस. हे लिहायला मला तासभर लागला.

ताई


५ सप्टेंबर

मासोळी,

औषध सुरू होऊन आठवडा झाला. काल टिल्लू सलग सहा तास झोपला. हात परवा बावीस वेळा उडाला, काल पंधरा. मोजतेय मी. तुझ्यासारखं घड्याळ नाही, वहीत रेघा मारते.

पण आज लिहितेय ते यासाठी नाही. कालपासून जेवण जात नाही, कुणाला तरी सांगायलाच हवं.

काल मोठ्या डॉक्टरांनी धाकट्या डॉक्टरबाईंना वॉर्डाच्या मधोमध उभं केलं. दोन तारखेचा कागद हातात घेऊन म्हणाले, "हालचाल नाही असं लिहिलंय तुम्ही. घरच्यांना विचारलंच नाहीत?" त्या म्हणाल्या, "सर, पत्नीने सांगितलं होतं. मी रेकॉर्डिंगमध्ये बोललेय." ते म्हणाले, "कागदावर नाही." बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी ती आमच्या विभागात आली. सव्वीस वर्षांची पोर आहे. मला विचारते, "ताई, माझं दोन तारखेचं रेकॉर्डिंग कुठल्या टेबलावर गेलं होतं, बघता का?" मी म्हटलं, "बघते."

माझ्या टेबलावर गेलं होतं. खरं तर गेलं नव्हतं, मी नेलं होतं. नातेवाइकाचा कागद आपण टाइप करायचा नाही, दुसरीकडे द्यायचा, असा आमचा नियम आहे. तो नियम नव्या मुलींना मीच शिकवते. पलीकडच्या टेबलावरून मी तो उचलला, कारण मला बघायचं होतं तू डॉक्टरांच्या कानात काय भरलंस.

त्यात बाई बोलल्या होत्या, शब्दन् शब्द सांगते, "पत्नी सांगतात की उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू एकदम उडते, दोन सेकंद, दिवसातून चाळीसेक वेळा. मला तपासताना दिसलं नाही, पण लक्ष ठेवावं. बाकी नेहमीचं."

आता आमची शिस्त अशी, की तपासणीच्या रकान्यात डॉक्टरने डोळ्यांनी बघितलेलं, हातांनी चाचपलेलं तेवढंच. तपासणीत ऐकीव नको. घरच्यांनी सांगितलेलं वर, हकिकतीच्या रकान्यात जातं. डॉक्टर घाईत दोन्ही एकत्र बोलतात, आणि आम्ही ते निवडून जिथल्या तिथे ठेवतो. हे माझ्याइतकं चोख कुणी करत नाही, विचार कुणालाही.

तर मी ते तपासणीतून काढलं. नियमाने काढलं. वर नेऊन ठेवायचं होतं, ते ठेवलं नाही. आणि कळ दाबली. अनैच्छिक हालचाल नाही.

विसरले नाही मी. चुकून राहिलं असं डॉक्टरबाईंना सांगता येईल, मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येईल, सगळे मान्य करतील. पण तुला सांगते, मी ते वाक्य वाचलं, मला वाटलं ही आता त्याला वेडा ठरवायला निघालीय, आणि मी ते खोडलं. मला आनंद झाला होता खोडताना.

दोन तारखेपासून एकोणतीस तारखेपर्यंत सत्तावीस दिवस होतात. रोज चाळीस वेळा तो हात उडत होता. मीही बघत होते. पहिल्या दिवसापासून बघत होते. घसरला म्हणत होते, डास मारला म्हणत होते. माझ्या टिल्लूच्या डोक्यातलं त्या सत्तावीस दिवसांत काय काय गेलं, ते कुणी सांगू शकत नाही.

हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तू माझं काही ऐकून घेणार नाहीस, म्हणूनच तुला सांगणं सोपं वाटतंय. रेकॉर्डिंग साठ दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

ताई


११ ऑक्टोबर

मासोळी,

महिन्याभरात तुझी चिठ्ठी नाही. बरोबर आहे.

टिल्लू घरी आला. हात आता उडत नाही, आठ दिवसांत एकदाही नाही. झोपतो. तारीख सांगतो. लिंबू, खिडकी, गाडी तिन्ही सांगून वर म्हणाला, "डॉक्टर, आता शब्द बदला." पण एप्रिल ते सप्टेंबर त्याच्यापाशी नाही. दुकानातली काच फुटलेली आठवत नाही, तू बॅग भरलीस ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, तेवढं परत येणार नाही. लवकर आला असतात तर भोक लहान राहिलं असतं. माझ्याकडे बघून म्हणाले, आणि या वेळी त्यांना खरंच माहीत होतं.

कारण मी सांगितलं होतं. एकोणतीस सप्टेंबरला रेकॉर्डिंग घेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. पुसलं जायला दोन दिवस होते. एवढे दिवस का थांबलीस म्हणशील. पुसलं जावं म्हणून थांबले होते. रोज त्या पोरीला मान खाली घालून वॉर्डात फिरताना बघायचे आणि दिवस मोजायचे. मग एक दिवस ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सापडलं नाही ना? जाऊ दे ताई, मीच कदाचित बोलले नसेन." तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. ते काही मला बघवलं नाही. आता मी टाइप करत नाही. खाली फायली लावते. चौकशी व्हायची आहे.

हे सगळं बरंच म्हणायचं. पण परवा वेगळंच झालं.

तुझ्या आईच्या हातून तू सुपाचा डबा पाठवलास. मी गरम करून त्याच्यापुढे ठेवला. त्याने विचारलं कुणाकडून. मी सांगितलं. त्याने वाटी हळूच बाजूला केली.

"नको ताई. ती काहीतरी घालते ना त्यात."

ओरडला नाही. डोळे स्वच्छ होते, आवाज शांत होता, पेपर वाचत होता. मी म्हटलं, "अरे, तो आजार होता. तुला तसं वाटायचं फक्त."

तो म्हणाला, "मला काय वाटायचं ते मला कुठे आठवतंय? आजारातलं एक तेवढं आठवतं, तू उशाशी बसून सांगायचीस. हो रे राजा, घालायची. तूच सांगितलंस ना?"

मी दुसऱ्या दिवशी पळत डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, सूज परत आली, संशय घेतोय. त्यांनी त्याला बोलावून सगळं पुन्हा तपासलं, पाऊण तास. मग मला बाहेर घेऊन म्हणाले, "सूज नाही. आजारातला संशय गेला. हे त्याला कुणीतरी सांगितलंय, आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास आहे."

मी घरी आले. त्याने विचारलं काय म्हणाले डॉक्टर. मी म्हटलं, सगळं ठीक आहे म्हणाले. सूप मीच प्यायले.

ताई


१६ ऑक्टोबर

मासोळी,

सांगितलं त्याला. काल दुपारी, जेवण झाल्यावर समोर बसवून सगळं सांगितलं. बाटलीत कानाचे थेंब होते ते. किल्लीवाल्याला मी बोलावलं ते. तू घड्याळ लावून बसायचीस ती त्याच्यावर पाळत ठेवायला नव्हे, तर आमच्यापैकी कुणी बघत नव्हतं म्हणून. वाक्य खोडलं ते. सत्तावीस दिवस. मला वाटलं होतं तो हात उगारेल. निदान रडेल. लहानपणी माझ्यावर रागावला की पलंगाखाली जाऊन बसायचा, तसं काहीतरी करेल.

तो काच मापताना बसतो तसा बसला. मग एकेक विचारायला लागला.

"म्हणजे तेव्हा तू खोटं सांगत होतीस."

"हो."

"आणि आता खरं सांगतेस."

"हो रे."

"कशावरून?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. तो म्हणाला, "डॉक्टर कागद वाचून सांगतात. आणि कागद कोण टाइप करतं?"

रागाने नाही म्हणाला. खरंच विचारत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आज सकाळी मी चहा दिला, तर त्याने कप घेतला, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. मग स्वतः उठून दुसरा केला. मला ओरडताही आलं नाही, समजूतही घालता आली नाही. तुझं हे रोज कसं झालं असेल चार महिने, ते मला आज एका कपात कळलं.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. मी असते तर केलं नसतं. पण त्याला सहा महिन्यांचं काही आठवत नाही, आणि त्या सहा महिन्यांत त्याच्यापाशी आपण दोघीच होतो. त्यातल्या एकीवरचा त्याचा विश्वास गेलाय, आणि दुसरीवरचा मी घालवलाय. डॉक्टरांनी त्याचं डोकं परत आणलं. पण तो आता त्या डोक्यात एकटाच बसलाय, कुणाचं खरं मानावं ते कळत नाही, आणि ते मी केलंय. ये तू. मला तुझे हात धरायचे नाहीत, पाय धरायचे आहेत, पण तुझ्या समोर येणार नाही, म्हणून कागदावर.

रविवारी सकाळी मी माझ्या खोलीवर परत जाते. दुपारी तो घरी एकटा असेल. तू आल्यावर तो उलटसुलट विचारेल, तेच तेच चार वेळा विचारेल, तू दिलेलं पाणीसुद्धा पिणार नाही. तो आजार नाही, ते माझं आहे. त्याच्यावर रागावू नकोस. बसून सगळं सांग त्याला, एप्रिलपासून. आणि माझ्याबद्दल विचारलं, तर हातचं राखून सांगू नकोस.

ताई